५० हजारांत पहिलं एस्प्रेसो मशीन आणि ग्राइंडर: वाघोलीहून आलेल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाघोलीत राहतात, नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, दोघांनाही सकाळी कॅपुचिनो लागते. आई फिल्टर कॉफी पिते, पण आवडली तर तिलाही द्यायची. बजेट सगळं मिळून ५० हजार. दुकानदार ग्राइंडर आतच असलेलं मशीन घ्या म्हणतोय, ऑफिसमधला मित्र म्हणतो नुसतं मशीन घे आणि पावडर बाहेरून दळून आण, आणि अमेरिकेतला भाऊ म्हणतो थांब, दिवाळीला येताना मीच इकडून चांगलं घेऊन येतो. तर यातलं काय करावं?

मी आधी कॅफेत बारवर उभी राहायचे, आता गेली अकरा वर्षं पुण्यात लोकांच्या घरी मशीन बसवून देणं, शिकवणं आणि बारीकसारीक दुरुस्ती हेच करते. तुमचे तिन्ही पर्याय वाचून पहिली गोष्ट डोळ्यात भरली ती ही, की तिघांपैकी कोणीच ग्राइंडरचा वेगळा विचार केलेला नाही. दुकानदाराने तो मशीनला चिकटवून दिला, मित्राने तो दुकानातच ठेवला, आणि भावाच्या बोलण्यात तो आलाच नाही. खरा प्रश्न तिथेच अडलाय. मशीन कुठलं हे मी सांगेनच, पण आधी हे नीट समजून घ्या, नाहीतर ५० हजार घालून तुम्ही तीन महिन्यांनी परत कॅफेच्या रांगेत उभे राहाल.

एस्प्रेसो म्हणजे साधारण १८ ग्रॅम दळलेली कॉफी दाबून बसवायची आणि तिच्यातून ९२-९४ डिग्रीचं पाणी ९ बारच्या आसपास दाबाने ढकलायचं, २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी कपात यायला हवी. आता पंप फक्त ढकलतो, पाण्याला अडवायचं काम सगळं त्या कॉफीच्या थराचं. दळण थोडं जाड झालं की पाणी सुसाट खाली, दहा सेकंदांत कप भरतो आणि चव आंबट, पाणचट. थोडं जास्त बारीक झालं की थेंब थेंब, कडू आणि तुरट. हे 'थोडं' म्हणजे किती, तर डोळ्याला दिसत नाही इतकं. फ्रेंच प्रेसला किंवा आपल्या फिल्टरला एवढा फरक खपून जातो, एस्प्रेसोला नाही खपत.

बाणेरच्या एका घरातलं सांगते. मशीन चांगलं, पन्नास हजारांच्या वरचं, आणि तक्रार अशी की मशीन खराब आहे, दोनदा तपासून झालं तरी कॉफी पाण्यासारखीच येते. मी गेले, शॉट, म्हणजे एक एस्प्रेसो, काढला, नऊ सेकंद. त्यांचा ग्राइंडर इलेक्ट्रिक होता, पण त्याची सेटिंग टप्प्याटप्प्याने बदलायची आणि टप्पे मोठे. एक टप्पा बारीक केला तर मशीन चोक, पंप कण्हतोय आणि कपात नुसते काळे थेंब. म्हणजे त्यांना हवी असलेली जागा त्या दोन टप्प्यांच्या मधे होती आणि तिथे ग्राइंडर थांबतच नव्हता. मी माझ्या पिशवीतला हँड ग्राइंडर काढला, तेच बीन्स, तेच मशीन, तोच पाण्याचा टँक. चौथ्या प्रयत्नाला काकवीसारखी घट्ट, चकचकीत धार सुरू झाली, आधी गडद, मग हळूहळू गुळाच्या रंगावर येत गेली, २८ सेकंदांत ३६ ग्रॅम. त्या काकू चमच्याने चाखून गप्पच बसल्या. दीड वर्ष त्यांनी चांगल्या मशीनला बोल लावला होता.

म्हणून मित्राचा सल्ला पहिला बाद करते. बाहेरून दळून आणलेली पावडर एकतर तुमच्या मशीनला नेमकी बसेल अशी दळलेली नसते, आणि दळल्यावर वास आणि गॅस इतक्या लवकर उडून जातो की चौथ्या दिवशी तीच पावडर वेगळी वागते. यावर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे डबल वॉलची, म्हणजे प्रेशराइज्ड बास्केट (बास्केट म्हणजे दळलेली कॉफी भरायची जाळीची वाटी). तिच्या तळाला बाहेरच्या बाजूने एकच बारीक भोक असतं, दाब तिथे तयार होतो आणि वर फेस येतो, मग दळण कसंही असो. दिसायला क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तपकिरी फेसाचा थर, दिसतो, पण तो भोकातून जोरात बाहेर पडल्यामुळे आलेला फेस असतो. दुधात घालून प्यायला ते चालतं, मी नावं ठेवणार नाही. आणि खरंच तुमच्या घरात रोज सकाळी दळायला कोणाला वेळ नसेल, तर प्रामाणिकपणे हाच मार्ग घ्या, स्वस्तातलं मशीन घ्या, ५० हजार खर्चूच नका. पण तुम्ही लिहिलंय की कॅफेसारखी चव घरी हवी, म्हणून पुढचं सांगते.

ग्राइंडर आतच असलेलं मशीन वाईट असतं असं नाही. ब्रेव्हिलचं बरिस्टा एक्सप्रेस मी बऱ्याच घरांत बघितलंय, लोक वर्षानुवर्षं खूश आहेत, ओट्यावर एकच वस्तू, एकच प्लग. पण तुमच्या बजेटमध्ये जी अशी मशीन बसतात त्यांत पैसे दोन्हीकडे थोडे थोडे वाटले गेलेले असतात, आणि एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जातं. पुढे चांगला ग्राइंडर घ्यावासा वाटला तर आतला तसाच पडून राहतो. वेगळे घेतले तर मशीन चार वर्षांनी बदला, ग्राइंडर तोच राहील.

आता ग्राइंडर हाताचा की विजेचा, हे मात्र घरावर अवलंबून आहे. मी विचारते ते प्रश्न असे: सकाळी एका दमात किती कप लागतात, घरात झोपलेलं लहान बाळ आहे का, आणि कोणाच्या मनगटाला किंवा खांद्याला त्रास आहे का. तुमचे रोजचे दोन, कधी तीन कप. हँड ग्राइंडरवर १८ ग्रॅम दळायला मिनिटभर लागतं, बीन्स फिकट भाजलेले असतील तर जास्त आणि जोरही जास्त लागतो. दोन कपांना हे आरामात जमतं, आणि त्याच पैशात हाताच्या ग्राइंडरचे बर, म्हणजे बीन्स दळणारे दाते, विजेच्यापेक्षा कितीतरी चांगले मिळतात कारण मोटरचा खर्चच नाही. मी तुमच्या जागी असते तर किनग्राइंडर के६ किंवा वनझीप्रेसोचा जे मालिकेतला एखादा घेतला असता. के६ ला एका क्लिकला बर १६ मायक्रॉन सरकतो, वनझीप्रेसोच्या जे-मॅक्सला ८.८ मायक्रॉन, म्हणजे मघाशी सांगितलेली ती 'दोन टप्प्यांच्या मधली जागा' सापडते. टाइममोर सी२ खूप लोक सुचवतात कारण स्वस्त आहे, साध्या फिल्टर कॉफीला, पोर ओव्हरला छान आहे, पण एस्प्रेसोला त्याचे टप्पे मोठे पडतात, टाइममोरच घ्यायचा तर सी३ ईएसपी असं स्पष्ट लिहिलेला घ्या. विजेचाच हवा असेल तर बराट्झा एन्कोअर ईएसपी, त्यात ४० पैकी पहिल्या २० सेटिंग एस्प्रेसोसाठी राखलेल्या आहेत, किंवा डीएफ५४, जो स्टेपलेस, म्हणजे टप्प्यांशिवाय हवा तिथे थांबणारा आहे. पण मग मशीनचं बजेट खाली येणार हे धरून चाला. मिक्सरचं चटणीचं भांडं किंवा पात्याचा ग्राइंडर याचा विचारसुद्धा करू नका, त्यात अर्धं पीठ आणि अर्धा रवा निघतो.

तुमच्या आईंसाठी एक सोय सांगते. त्याच हँड ग्राइंडरवर फिल्टरचं दळणही होतं, फक्त एस्प्रेसोचा क्लिक नंबर फ्रीजवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा म्हणजे परत येताना चाचपडावं लागत नाही. आणि चिकोरी एस्प्रेसोच्या बास्केटमध्ये अजिबात घालायची नाही, ती पाण्यात चिकट होते आणि जाळी बुजते. आईंना चिकोरीची चव हवी असेल तर ती त्यांच्या पितळी फिल्टरमध्येच वेगळी घाला.

मशीनकडे येते. वेगळ्या ग्राइंडरसकट ५० हजारांत माझी वाटणी साधारण अशी असते: ग्राइंडरला १२ ते १५, मशीनला ३० च्या आसपास, उरलेले वजनकाटा, टॅम्पर (कॉफी दाबायचा ठोकळा), दुधाचा जग आणि पहिल्या महिन्याच्या बीन्सना. भाव सारखे हलतात, सेल लागतात, म्हणून आकडे दगडावरची रेघ समजू नका. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवाच, काट्याशिवाय शिकणं म्हणजे अंधारात सुई ओवणं.

मशीनमध्ये सगळ्यात जास्त फसवणारा आकडा म्हणजे डब्यावरचे १५ बार किंवा २० बार. तो पंप जास्तीत जास्त किती ढकलू शकतो तो आकडा आहे, कॉफीला ९ च लागतात, त्यामुळे २० बारवालं १५ वाल्यापेक्षा चांगलं असं काही नसतं. बघायचं ते हे: सिंगल वॉल, म्हणजे साधी बास्केट सोबत मिळते का किंवा वेगळी मिळते का, आणि दूध तापवायला स्टीम कशी आहे. डेलॉन्गीची डेडिका फक्त १५ सेंटिमीटर रुंद आहे, लहान ओट्यावर मावते, पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट बसवायचा दांडा, ५१ मिलिमीटरचा, सोबतच्या बास्केट प्रेशराइज्ड येतात पण साध्या बास्केट ऑनलाइन मिळतात. ब्रेव्हिलचं बांबिनो बजेट थोडं ताणून बसेल, ५४ मिलिमीटर, तीन सेकंदांत तापतं, आणि दोन कपांच्या घराला मी सध्या हेच जास्त सुचवते, कारण ऑफिसच्या गडबडीत मशीन तापायची वाट बघायला कोणी थांबत नाही. गॅगिया क्लासिक १९९१ पासून चालत आलेलं मॉडेल आहे, ५८ मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर म्हणजे कॅफेवाला आकार, पार्ट मिळतात, उघडून दुरुस्त करता येतं, मला मनापासून आवडतं. पण ते तुमच्या बजेटच्या वर जाईल, नीट तापायला पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात, आणि त्यात एकच बॉयलर असल्यामुळे शॉट काढल्यावर स्टीमसाठी थांबायचं, स्टीम झाल्यावर पुढच्या शॉटआधी पाणी सोडून बॉयलर थंड करायचा. ज्याला हे सगळं करण्यात रस आहे त्याला ते मशीन जन्मभर पुरेल. तुमच्या प्रश्नावरून तुम्हाला नऊच्या आत घराबाहेर पडायचं असतं असं दिसतंय, म्हणून तुम्हाला नको.

भावाला मात्र आजच फोन करून नाही सांगा. पुण्यात दर दिवाळीनंतर माझ्याकडे असं एखादं मशीन येतंच. तिकडची वीज ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने बदलेल, पण १४०० वॅटच्या मशीनला लागणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा जड असतो आणि गरम होतो, आणि हर्ट्झ त्याने बदलतच नाही. या मशीनमधला व्हायब्रेशन पंप विजेच्या ठोक्यावर चालतो, ६० साठी बनवलेला ५० वर मंद पडतो. वर वॉरंटी इथे चालत नाही. एक कुटुंब असं आणलेलं मशीन घेऊन विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत दोन शनिवार फिरलं, शेवटी ट्रान्सफॉर्मर मिळाला, तो ओट्याखाली ठेवला आणि महिन्याभरात वास यायला लागल्यावर बंद केलं. भावाला काही आणायचंच असेल तर हँड ग्राइंडर आणू दे, त्याला ना व्होल्ट ना हर्ट्झ.

विजेचंच निघालंय तर, १४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या किंचित वर. ओट्यावरच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला, त्यातून एक्स्टेंशन बोर्डला, लावू नका, मिक्सर-ओव्हनचं १६ अँपिअरचं सॉकेट वापरा. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर हे चालणार नाही, वीज गेली की आईंचा फिल्टर आहेच.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीये पण वाघोली म्हटल्यावर मला सगळ्यात आधी आठवलं ते, पाणी. पेठांत, कोथरूडला खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं, ते मऊ आहे, तिथल्या मशीनमध्ये मला क्षार फार दिसत नाहीत. वाघोलीत बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवर आहेत आणि बोअरचं पाणी जड असतं. तुमच्याकडे कुठलं येतं ते इलेक्ट्रिक केटलच्या तळाकडे बघून कळेल, पांढरा थर दिसला की समजायचं. अशाच एका सोसायटीतलं चौदा महिन्यांचं मशीन मी उघडलं होतं, पंप नुसता घरघरत होता आणि पाणी येत नव्हतं. आतली नळी कापून बघितली तर गिझरच्या कॉइलवर असतो तसा पांढरा दगड, मधे जेमतेम उदबत्तीची काडी जाईल एवढं भोक उरलेलं. मशीन चांगलं होतं, रोज नळाचं पाणी घालत होते एवढंच.

मग लोक म्हणतात आरओचं घालू. आरओचं पाणी क्षाराच्या दृष्टीने सुरक्षित, पण टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, २०-२५ वर उतरलेला असेल तर कॉफी सपक लागते, चवीला पाण्यात थोडे क्षार लागतातच. स्पेशालिटी कॉफीवाले टीडीएस १५० च्या आसपास धरतात, ७५ ते २५० मधलं चालवून घेतात. घरासाठी मी ८० ते १२० वर ठेवायला सांगते. बऱ्याच आरओंमध्ये टीडीएस कमी-जास्त करायचा छोटा व्हॉल्व्ह असतो, सर्व्हिसवाला आला की त्याला तेवढा सेट करून द्यायला सांगा, त्याच्याकडे मीटर असतोच. हे लक्षात असू द्या की टीडीएस म्हणजे सगळे विरघळलेले क्षार, त्यातला थर धरणारा भाग किती ते मीटर सांगत नाही. ते बघायचं असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात हार्डनेस तपासायचं थेंबांचं किट मिळतं. आणि पाणी कितीही चांगलं असलं तरी दोन-तीन महिन्यांनी डिस्केल करा, म्हणजे आत साठलेले क्षार काढा, मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेल्या पावडरनेच. व्हिनेगर नको, त्याचा वास रबरात राहतो, आणि बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर घरचं लिंबूसत्वही नको.

दुधाचं सोपं आहे. फेस प्रोटीनमुळे उभा राहतो, दाटपणा फॅटमुळे येतो. फुल क्रीमला ६ टक्के फॅट, टोन्डला ३, मी शिकवताना गाईच्या दुधाची पिशवी घेते, चितळे असो की कात्रज, थेट फ्रीजमधून, न उकळता. पाश्चराइज्ड असतं, उकळायची गरज नाही, आणि उकळलं की साय येऊन फेस बिघडतो. तापवताना दुधाच्या जगला बाहेरून तळहात लावायचा, हात ठेववेनासा झाला की थांबायचं, ते ६० डिग्रीच्या आसपास असतं. त्यापुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो.

बीन्स घेताना पाकिटावर रोस्ट डेट बघा, फक्त एक्सपायरी छापली असेल तर ठेवून द्या. भाजल्यापासून आठ-दहा दिवसांनी वापरायला काढा आणि पाकीट उघडल्यावर महिन्याच्या आत संपवा. सुरुवातीला मीडियम-डार्क, चिकमगळूर किंवा कुर्गचे, थोडा रोबस्टा असेल तर उत्तमच, दुधात चव टिकते आणि शॉट जमायला सोपा जातो. फिकट भाजलेल्या, फळांच्या चवीच्या कॉफीच्या मागे पहिल्या दोन महिन्यांत लागू नका.

२५० ग्रॅमच्या पाकिटात १८ ग्रॅमचे तेरा शॉट होतात. पहिल्या पाकिटातले सात-आठ बिघडतील हे आधीच धरा. शनिवारी सकाळी निवांत बसा, वजन १८ च ठेवा, टॅम्पिंग तसंच ठेवा, फक्त दळण बदला, एका वेळी दोन क्लिक, आणि प्रत्येक शॉटचे सेकंद आणि ग्रॅम वहीत लिहा. आंबट लागला तर बारीक, कडू तुरट लागला तर जाड. वजनही बदललं, दळणही बदललं, दाबही बदलला असं एकदम केलं की कशाने काय झालं ते कळतच नाही. जमलेली सेटिंग जून आला की परत हलेल, पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने कॉफी वेगळी वागते, एक-दोन क्लिक इकडेतिकडे करावे लागतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत दळलेली पावडर ग्राइंडरला चिकटते, तेव्हा दळायच्या आधी बीन्सवर पाण्याचा एक थेंब शिंपडून हलवा.

तुमच्यासाठी माझं उत्तर म्हणजे के६ किंवा त्या तोडीचा हँड ग्राइंडर, सोबत बांबिनो, ते बजेटबाहेर गेलं तर डेडिका आणि तिच्यासाठी साधी बास्केट. विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला एकच विचारा, की गॅस्केट (रबरी वॉशर) आणि पंप पुण्यात मिळतो का आणि दुरुस्ती इथेच होते का की मशीन बाहेरगावी पाठवायचं. आणि तुमच्या केटलच्या तळाला थर आहे का आणि आरओचा टीडीएस किती येतो, तेवढं बघून मला सांगा, त्याप्रमाणे डिस्केल किती दिवसांनी करायचं ते सांगते.